कायरवेंट (वेल्स): रोमन तटाच्या आत नांदतं गाव, एका दिवसात कसं पाहावं?

सेव्हर्नकाठी

ब्रिस्टलहून एका शनिवारी कायरवेंटला जायचं आहे, म्हणजे रोमनांचं वेंटा सिल्युरम. तटाच्या आत आजही घरं आहेत, चर्च आहे, माणसं राहतात, इतकं वाचलंय. बरोबर कोल्हापूरहून आलेले सत्तरीतले दोघं (गुडघे बेताचे) आणि नऊ वर्षांचा मुलगा. गाडी आहे.

प्रश्न असे. तटाला पूर्ण फेरी मारता येते का? त्यातलं किती गुडघे दुखणाऱ्यांना झेपेल? रोमन कुठलं आणि मध्ययुगीन कुठलं, हे जागेवर ओळखायचं कसं? चेपस्टोचा किल्ला आणि कार्लीअन (रोमन लष्करी तळ) दोन्ही त्याच दिवशी बसतात का? फोटोंत नुसती गुडघाभर उंचीची जोती दिसतात, त्यामुळे मुलगा अर्ध्या तासात कंटाळेल अशी धास्ती आहे.

गडवाट

दोन्ही बसत नाहीत. बसवलीत तर तिन्ही ठिकाणी फक्त गाडी लावून गाडी काढायचं काम होईल. एकच ठिकाण जोडा. कुठलं ते खाली सांगतो.

आधी गाव. फोटोंत जोती दिसतात कारण बहुतेक लोक मुख्य रस्त्यावरून आत जातात, देवळाची जोती बघतात आणि निघतात. कायरवेंटचा खरा ऐवज दक्षिण तट आहे आणि तो बाहेरून बघायचा असतो. ठिकठिकाणी पाच मीटरपर्यंत उभा आहे. ब्रिटनमध्ये रोमन शहराचा तट इतका उंच आणि इतक्या सलग लांबीचा फार कमी ठिकाणी राहिलाय.

गाडी गावाच्या पश्चिम टोकाला, पश्चिम वेशीजवळच्या छोट्या वाहनतळावर लावा. तिथून गावात शिरू नका. वेशीचे अवशेष बघून तट डाव्या हाताला ठेवत बाहेरच्या बाजूने दक्षिणेला उतरा, नैर्ऋत्येच्या कोपऱ्यावर वळा आणि दक्षिण तटाच्या पायथ्याने पूर्वेकडे चालत राहा. (प्रदक्षिणा उलटी होते, पण सुरुवात अशीच सोयीची.) आग्नेय कोपरा ओलांडून पूर्व वेशीतून आत या आणि मुख्य रस्त्याने पश्चिमेला परत. वाटेत चर्च, देऊळ, बाजारचौक, पाउंड लेन, शेवटी गाडी. अंतर दीड किलोमीटरच्या आसपास, थांबत-बघत दोन तास.

उत्तर तट या फेरीत नाही. तो भाग घरांच्या परसांमागे गेलाय, सलग चालता येत नाही. उत्तर वेस हवी तर वाकडी वाट करून बघता येते, पण वेळ कमी असेल तर ती सोडा.

दक्षिण तटाशी काय बघायचं, ते नीट सांगतो, कारण तिथली पाटी सगळं सांगत नाही.

पहिलं, भिंतीचं तोंड आणि पोट. बाहेरचे घडीव चुनखडीचे दगड हात पोचेल तिथपर्यंत बरेचसे गेलेत. शतकानुशतकं गावकऱ्यांनी ते घरांना, कुंपणांना नेले. ते निघाले तिथे आतला भराव उघडा पडलाय: खडबडीत दगड आणि चुना. नीट बघितलंत तर भरावात दगड तिरपे लावल्याचे थर दिसतात, एक थर तिरपा, त्यावर चुना, परत थर. भिंत टप्प्याटप्प्याने चढवली त्याच्या त्या खुणा.

दुसरं, बुरूज. दक्षिणेला सहा आहेत, बहुकोनी. प्रत्येक बुरूज भिंतीला जिथे टेकतो त्या सांध्याकडे बघा. दोन्हींचे दगड एकमेकांत गुंफलेले नाहीत, बुरूज नुसता भिंतीला लावून उभा केलाय आणि मधली उभी फट स्पष्ट दिसते. म्हणजे आधी तट झाला आणि बुरूज मागाहून, साधारण सन ३५० च्या सुमारास चिकटवले. ही फट मुलाला शोधायला सांगा. सहा बुरूज, प्रत्येकी दोन फटी, किती सापडतात ते मोजू दे. कंटाळण्याचा प्रश्न तिथे मिटतो. बुरूज फक्त दक्षिणेला आणि उत्तरेला आहेत, पूर्व-पश्चिमेला नाहीत.

तिसरं, दक्षिण वेस. तटाच्या मधोमध कमानीची जागा दिसेल, पण आत वाट नाही, दगडांनी चिणलेली. ती कोणा मध्ययुगीन राजाने बुजवली नाही. रोमन काळाच्या उत्तरार्धातच बुजवली. रस्ता पूर्व-पश्चिम जात होता, म्हणून त्या दोन वेशी चालू ठेवल्या आणि बाकीच्या राखायला माणसं लागू नयेत म्हणून बंद केल्या असाव्यात.

चौथं, आग्नेय कोपऱ्यातली गवताळ टेकडी. ती रोमन नाही. नॉर्मनांनी ११व्या-१२व्या शतकात मातीचा ढीग करून वर लाकडी गढी बांधायची जी पद्धत आणली, त्यातली ती. दोन बाजूंना आयता रोमन तट मिळाला, म्हणून कोपरा निवडला. एका जागी दोन काळ एकावर एक बसलेले बघायचे असतील तर याच कोपऱ्यात दहा मिनिटं थांबा.

तटाच्या आतून मातीचा बांध आहे, तो तटाहून जुना. दुसऱ्या शतकात आधी मातीचा बांध आणि खंदक होता, दगडी भिंत पुढे त्याच्या तोंडाशी उभी केली. त्यामुळे आतल्या बाजूने काही ठिकाणी सहज भिंतीच्या माथ्याशी पोचता येतं. हीच तिथली खरी जोखीम. आतून जमीन सपाट वाटते आणि बाहेर एकदम पाच मीटर खोल. कठडा नाही. मुलाचा हात धरा, ओल्या गवतावर तर नक्कीच.

चिखलबूट

गडवाट यांनी मार्ग बरोबर दिलाय. फक्त गुडघ्यांचं गणित वेगळं मांडतो.

तटाबाहेरची वाट म्हणजे गवत, उतार आणि शेताची फाटकं. पावसानंतर दोन-तीन दिवस चिखल राहतो. ज्यांना उतारावर काठी लागते त्यांना पूर्ण फेरी नको. त्यांच्यासाठी मुख्य रस्ता, चर्च, देवळाची जोती आणि पाउंड लेन, हे सगळं जवळजवळ सपाट आहे आणि एकमेकांपासून काही मिनिटांवर. एक जण मुलाला घेऊन दक्षिण तट करेल, दुसरा मोठ्यांबरोबर गावात थांबेल, भेट चर्चच्या पडवीत. दोघांनाही थोडा तट दाखवायचाच असेल तर पश्चिम वेशीपासून नैर्ऋत्य कोपऱ्यापर्यंत जाऊन परत या. पहिला बुरूज वळल्यावर दिसतो.

पादत्राणं: चपला-सँडल नको, गुळगुळीत तळव्याचे स्पोर्ट्स शूजही नको. घोट्यापर्यंतचे बूट आणि गाडीत सुके मोजे. गुरं-मेंढ्या चरत असतात, म्हणून फाटक जसं सापडलं तसं सोडायचं. बंद होतं तर बंद.

वेळ: काडूच्या (वेल्सचं वारसा खातं) ताब्यातली ही उघडी जागा आहे, तिकीट नाही, दिवसा १० ते ४ धरून चाला. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा हिवाळ्यात दोन वाजता पोचून उपयोग नाही. दक्षिण तट दक्षिणेकडे तोंड करून आहे, त्यामुळे दिवसभर त्यावर ऊन असतं. पण बुरुजांच्या फटी आणि दगडांचे थर तिरप्या उन्हात उठून दिसतात, म्हणजे सकाळी किंवा दुपार कलल्यावर. भर दुपारी सगळं सपाट दिसतं.

ब्रिस्टलहून: एम४८ ने जुना सेव्हर्न पूल ओलांडा, चेपस्टोच्या फाट्याला उतरा, ए४८ ने न्यूपोर्टच्या दिशेने सुमारे पाच मैल. ए४८ आता गावाला वळसा घालून जातो, त्यामुळे गावाच्या पाटीला वळावं लागतं. नाहीतर तट उजव्या-डाव्या कुठल्याच बाजूला न दिसता पुढे निघून जाल. पुलाचा टोल डिसेंबर २०१८ पासून नाही. जोराच्या वाऱ्यात जुना पूल बंद करतात, तेव्हा एम४ वरचा दुसरा पूल धरायचा. तो बहुतेक वेळा चालू असतो. निघताना पुलाची स्थिती बघून निघा, पूल बंद म्हणून फेरा पडला की दोन तासांतला अर्धा तास तिथेच जातो.

गाडी नसलेल्यांसाठी: न्यूपोर्ट-चेपस्टो बस गावातून जाते. रेल्वेने कॅल्डिकॉटला उतरलात तर सुमारे तीन किलोमीटर.

खाणं: गावात पब आहे, पण सगळ्यांना चालेल असं मिळेल याच्या भरवशावर राहू नका. डबा बरोबर घ्या. जेवायला जोत्यांवर बसू नका, भिंतीच्या माथ्यावरचे दगड हलतात.

शिलालेखवाचक

चर्चची पडवी चुकवू नका. अनेक जण चर्चचं मुख्य दार बंद दिसलं की मागे फिरतात. ज्याच्यासाठी जायचं ते पडवीतच आहे.

दोन दगड आहेत.

मोठा पॉलिनसचा. पुतळ्याचा चौथरा आहे, पुतळा गेला. सुरुवातीचं नाव आता वाचता येत नाही, "पॉलिनो" शोधा. रोमन कोरीव लेखात 'यू'च्या जागी 'व्ही'सारखं अक्षर असतं, त्यामुळे ते पहिल्या नजरेत "पॅव्हलिनो" वाटतं. पुढे "लेग लेग दोन ऑग" असं आहे. इथे लोक अडकतात. पहिलं "लेग" म्हणजे लेगातस, सैन्याचा अधिपती. दुसरं "लेग" म्हणजे लीजन, रोमन सैन्याची मोठी तुकडी. दुसरी ऑगस्टन लीजन, जिचा तळ कार्लीअनला होता. त्याखाली त्याच्या पुढच्या नेमणुका येतात: नार्बोनेन्सिस प्रांताचा प्रोकॉन्सल (तोही एक सुभेदारच), मग लुग्दुनेन्सिसचा सुभेदार. दोन्ही आजच्या फ्रान्समध्ये. शेवटच्या ओळींत मुद्दा आहे: नगरसभेच्या ठरावाने, सिल्युर जमातीच्या नगराने हा उभारला. म्हणजे गाव स्वतःची सभा भरवत होतं आणि तिचा ठराव दगडावर कोरत होतं. हाच पॉलिनस सन २२० मध्ये उत्तर ब्रिटनच्या प्रांताचा सुभेदार होता. ते पद या दगडावर नाही, म्हणून दगड त्याआधीचा.

छोटी वेदी मार्स ओकेलस देवाची. मार्स रोमनांचा, ओकेलस इथला, दोघांना एक करून टाकलंय. म्हसोबाला भैरवाचं नाव लागावं तसं. आयलियस ऑगस्टिनस नावाच्या ऑप्टियोने, म्हणजे सेंच्युरियनच्या (छोट्या तुकडीच्या नायकाच्या) हाताखालच्या अधिकाऱ्याने ती वाहिली. शेवटची चार अक्षरं, व्ही एस एल एम, रोमन वेद्यांवर सगळीकडे सापडतात: नवस फेडला, आनंदाने, देवाच्या योग्यतेप्रमाणे. आजी-आजोबांना ही चार अक्षरं दाखवा. भाषांतर करावं लागणार नाही, "नवस फेडला" म्हटलं की पुरे.

वाचायची रीत: पडवी अंधारी असते आणि अक्षरं उथळ आहेत. समोरून फ्लॅश मारला तर सगळं पांढरं होतं. फोनची बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने धरा, प्रकाश पृष्ठभागावरून सरपटत गेला पाहिजे. डावीकडून एकदा, वरून एकदा. उभ्या रेघा एकात दिसतात, आडव्या दुसऱ्यात. दगडाला हात लावू नका, खडू किंवा कोळसा तर नाहीच. चर्च वापरातलं आहे, रविवारी सकाळी प्रार्थना असते. शनिवार ठरवलात ते बरं.

चर्च स्वतः मुख्यतः १३व्या शतकातलं. इथला संत तथन सहाव्या शतकातला मानतात, ग्वेंटच्या (इथलं जुनं राज्य) राजाने त्याला तटाच्या आतली जागा दिली अशी परंपरा आहे. रोमन सत्ता गेल्यावरही गाव पूर्ण ओस पडलं नाही: पूर्व वेशीबाहेर चौथ्या शतकापासून पुढे अनेक शतकं वापरात असलेली दफनभूमी सापडली आहे. आणि गावाचं नाव बघा. "वेंटा"चं "ग्वेंट" झालं, "कायर" म्हणजे कोट. कायरवेंट म्हणजे वेंटाचा कोट.

सेव्हर्नकाठी

फार उपयोगी. दोन शंका राहिल्या. देवळाच्या जोत्यांत नेमकं काय ओळखायचं? आणि चेपस्टो की कार्लीअन?

शिलालेखवाचक

देऊळ आपल्याला सगळ्यात सोपं आहे. चौथ्या शतकातलं, सन ३३० च्या सुमाराचं. मध्ये चौकोनी गाभारा, त्याच्या मागच्या भिंतीला अर्धगोल कोनाडा, गाभाऱ्याभोवती चारी बाजूंनी प्रदक्षिणामार्ग. एकात एक बसलेले दोन चौकोन दिसले की समजा. हा शुद्ध रोमन नमुना नाही. उंच चौथऱ्यावरचं, समोर खांब असलेलं देऊळ रोमनांचं, आणि गाभारा व भोवती फेरी हा गॉल (आजचा फ्रान्स) आणि ब्रिटनचा घरगुती नमुना. मुलाला प्रदक्षिणामार्गाने चालायला लावा, आराखडा आपोआप कळतो. रस्त्याच्या अंगाला जी लांबट खोली दिसते ती मागाहून जोडलेलं प्रवेशदालन.

शेजारीच बाजारचौक आणि बॅसिलिका. बॅसिलिका म्हणजे इथे चर्च नव्हे, न्यायालय आणि नगरसभेची इमारत. पाउंड लेनला रस्त्याला अरुंद तोंड आणि मागे खोल अशा दुकानांच्या पट्ट्या आहेत, जुन्या पेठेतल्या वाड्यांसारख्या. पुढे त्यांतल्या जागा एकत्र करून अंगणाचं घर बांधलं. फरशीखालून गरम हवा खेळवायची सोय कुठल्या खोलीत होती ते पाटीवर बघून मग खोली शोधा.

गडवाट

चेपस्टो, आणि तेही कायरवेंटनंतर.

कारण असं: चेपस्टोच्या मुख्य दगडी मनोऱ्यात भिंतीतून नारिंगी विटांचा एक पट्टा गेलाय. त्या रोमन विटा आहेत, आणि त्या कायरवेंटहून आणल्या असाव्यात असं मानतात. किल्ला विल्यम फिट्झऑस्बर्न या नॉर्मन सरदाराने १०६७ मध्ये सुरू केला असं परंपरेने सांगतात. सकाळी ज्या गावाचे दगड गेलेले बघितले, दुपारी त्यांचे भाऊबंद बघायचे. आणि तिथली जुनी लाकडी दारं बघा. झाडाच्या वलयांवरून त्यांचा काळ ११९० च्या आधीचा ठरला, युरोपातली सर्वांत जुनी किल्ल्याची दारं म्हणून ती सांगतात. आता ती जागेवर नाहीत, आत मांडून ठेवली आहेत. नदीच्या कड्यावरचा लांबट किल्ला आहे, चढण आहे. खालचं अंगण आणि मनोऱ्यापर्यंत सावकाश जाता येतं, जिने गुडघेदुखीवाल्यांनी सोडावेत.

तिकिटाचं: काडूचं सभासदत्व वेगळं. नॅशनल ट्रस्टचं (ही वेगळी वारसा संस्था) कार्ड इथे चालत नाही, ही चूक फार होते. इंग्लिश हेरिटेजचे सभासद असाल तर पहिल्या वर्षी निम्मं तिकीट, नूतनीकरणानंतर मोफत. कार्ड बरोबर हवं.

चिखलबूट

इथे मी गडवाट यांच्या विरुद्ध. नऊ वर्षांच्या मुलासाठी कार्लीअन. तिथे लंबगोल रंगभूमी पूर्ण आकारात आहे, सन ९० च्या सुमाराची, सहा हजार माणसं बसायची असा अंदाज. आत उतरून मधोमध उभं राहता येतं. लीजनच्या बराकींच्या रांगा आहेत, स्नानगृह छताखाली आहे, म्हणजे पाऊस आला तरी अडत नाही. आणि पॉलिनसच्या दगडावरचं "लेग दोन ऑग" हे तिथलंच. सकाळी दगडावर नाव, दुपारी त्या लीजनचा तळ. जमीनही बहुतेक सपाट, सत्तरीतल्यांना चेपस्टोपेक्षा बरी. फक्त घरापासून उलट्या दिशेला आहे, परतीला एम४ वर संध्याकाळची गर्दी धरा.

गडवाट

गुडघ्यांचा मुद्दा मान्य. मग असं करा: आकाश स्वच्छ असेल तर चेपस्टो, पावसाची चिन्हं असतील तर कार्लीअन. पण निर्णय कायरवेंटच्या वाहनतळावर घ्या, घरी नको.

शिलालेखवाचक

कायरवेंटच्या उत्खननातल्या वस्तू गावात बघायला मिळत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. १८९९ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत तिथे मोठं उत्खनन झालं. त्यात सापडलेलं बरंचसं न्यूपोर्टच्या संग्रहालयात आहे, प्रवेश मोफत. त्यात कथील-शिशाच्या मिश्रधातूचा एक वाडगा आहे, चौथ्या शतकातला, तळाला ख्रिस्ताच्या नावाची पहिली दोन ग्रीक अक्षरं ओरखडलेली. वेल्समधल्या ख्रिस्ती धर्माच्या सर्वांत जुन्या खुणांपैकी ती एक. कार्लीअनला गेलात तर न्यूपोर्ट तिथून जवळच. संग्रहालयाच्या वेळा आदल्या दिवशी बघा.

थोडं विषयांतर: मंडळी कोल्हापूरची आहेत म्हणून. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खननात सापडलेला पोसायडनचा कांस्य पुतळा टाउन हॉल संग्रहालयात त्यांनी बघितला असेल. तो या रोमन जगातूनच व्यापाराने आलेला. तेरलाही (धाराशिव जिल्ह्यातलं गाव) रोमन व्यापाराच्या खुणा आहेत आणि तिथेही गाव जुन्या थरांवर आजही नांदतंय. फरक असा की तेरला रोमन माल पोचला, रोमन सत्ता कधीच नाही. कायरवेंटला आधी सत्ता आली, मग पेठ.

चिखलबूट

दोन सूचना राहिल्या.

जमिनीवर खापराचा तुकडा दिसला तर उचलू नका. उंदरांनी-सशांनी उकरलेल्या मातीत ते वर येतात. तटाच्या आतली बहुतेक जमीन संरक्षित आहे, तिथे मेटल डिटेक्टर परवानगीशिवाय वापरणं कायद्याने गुन्हा आहे. ड्रोनलाही काडूची परवानगी लागते.

गावाच्या उत्तरेला ए४८ पलीकडे कुंपणाआड मोठा परिसर दिसेल. तो लष्कराच्या सरावाचा आहे, पूर्वी तिथे नौदलाचा दारूगोळ्याचा कारखाना होता. नकाशावर पायवाट वाटली तरी तिकडे वळू नका.

सेव्हर्नकाठी

ठरलं. साडेनऊला निघतो, दहाच्या सुमारास पश्चिम वेशीला. मोठी मंडळी नैर्ऋत्य कोपऱ्यापर्यंत येतील आणि मागे फिरतील, मी आणि मुलगा दक्षिण तट करून पूर्वेकडून आत, भेट चर्चच्या पडवीत. बॅटरीवाला फोन आईकडे देतो.

गडवाट

आईंना बॅटरी देताय तर दुसऱ्या फोनचं चार्जिंग तुमच्याकडे राहू द्या. तटाच्या दोन बाजूंना दोघं असताना शोधाशोध होते. आणि पडवीत पोचलात की आधी छोटी वेदी बघा, मोठा दगड नंतर.